रामटेके बाई आणि छज्ज्याखालचे मोर

प्रिय अन्वी आणि निहार,

परवा व्हिडिओ कॉलवर निहारने माझ्या मागच्या कपाटाकडे बोट दाखवून विचारलं, की आजी, तो प्लास्टिकचा मोर कुठून आणलास. मी म्हटलं, तो प्लास्टिकचा नाही. अन्वी म्हणाली, मग लाकडाचा. मी म्हटलं, लाकडाचाही नाही. तेवढ्यात तुमची शाळेची वेळ झाली आणि फोन बंद झाला.

बरंच झालं. ते उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतंच. ज्यांच्यामुळे तो मोर माझ्याकडे आला, त्या रामटेके बाई या मे महिन्यात गेल्या. त्यांच्याबद्दल तुम्हाला कोणी सांगायचं, तर आता मीच सांगायला हवं. मेलबर्नमध्ये तुमची आई हे वाचून दाखवील. तिला बाई आठवतील, तिच्या चित्रकलेच्या वहीवर त्यांनी एकदा लाल पेन्सिलने लिहिलं होतं, "घर छान आहे, पण यात कोणी राहत नाही."

तुम्हाला ठाऊक आहे, मला शिस्त आवडते. डबे, चाव्या, औषधं, सगळं जागच्या जागी. मला मात्र रामटेके बाईंना कुठल्याच एका जागी बसवता आलं नाही. त्यांच्या सहवासातली वर्षं मी बहुतेक धक्के खातच काढली, आणि शेवटचा धक्का अजून ओसरलेला नाही.

मी महाल भागातल्या मुलींच्या शाळेत आधी इंग्रजी शिकवत होते आणि मग मुख्याध्यापिका झाले. बाई चित्रकला शिकवायला आल्या तेव्हा मी त्या खुर्चीत नवीनच होते. ठेंगणी मूर्ती, सुती साडी, बारा महिने हातात पुरुषी काळी छत्री आणि मान कायम वर. रस्त्याच्या मधोमध चालायच्या, कारण कडेने चाललं की वरचं दिसत नाही. मागून स्कूटरवाले ओरडायचे. एकदा माझ्यासमोरच एकाने विचारलं, "मावशी, मरायचं आहे का?" बाई न वळता म्हणाल्या, "थांब नं गा, खिडकी पाहून राहिली."

शाळेत मला त्या "मॅडम" म्हणत. फाटकाबाहेर पाऊल पडलं की "काय वं" सुरू व्हायचं. मला कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यापासून कोणी "वं" म्हटलेलं नव्हतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आहे का म्हणून.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "दुकान खाली असते, शहर वर असते." महाल आणि इतवारी तुम्ही पाहिली आहे, पण सगळ्यांसारखी खालूनच पाहिली आहे: फ्लेक्स, तारा, टांगलेले गाऊन, मोबाइलच्या जाहिराती. पाटीच्या वर नजर नेली तर कुठे कोरीव खांब, कुठे रंगीत काचांची झडप, कुठे ज्याने इमारत बांधली त्याने हौसेने बसवलेला सिंह, ज्याचं तोंड गवंड्याला मांजराचं जमलं आहे. तो सिंह बाईंचा लाडका होता. त्या म्हणायच्या, ज्याने हा केला त्याने सिंह पाहिला नव्हता, पण सांगणाऱ्यावर विश्वास ठेवला होता.

पहिला धक्का मला फोनवर मिळाला. बाजारातल्या एका दुकानदाराने शाळेत फोन करून सांगितलं, की तुमच्या मुली ओट्यावर आडव्या पडल्या आहेत. मला वाटलं विषबाधा. मी रिक्षा करून धावले. पुंडलिकराव निनावे यांचं लुगड्यांचं दुकान रस्त्यापासून बरंच उंच होतं. पुढे काळ्या दगडाचा लांब ओटा, त्यावर चढायला पायऱ्या, आणि ओट्याच्या डोक्यावर वरच्या मजल्याचा लाकडी छज्जा पुढे आलेला. त्या छज्ज्याला खालून तिरपे टेकू होते आणि प्रत्येक टेकू मोराच्या आकारात कोरलेला. ओट्यावर माझा नववीचा सगळा वर्ग गणवेशात उताणा पडला होता. पोटावर कागद लावलेली पाटी, हातात पेन्सिल. गिऱ्हाइकं त्यांना ओलांडून आत जात होती. बाईही मुलींच्या रांगेत उताण्याच होत्या, छत्री उशाला.

मी काय बोलले ते मला आठवत नाही. बाईंनी झोपल्या झोपल्या मला दिलेलं उत्तर आठवतं. "मॅडम, खालून पाह्यलं तं मोराले पोट दिसते. पुस्तकातल्या मोराले पोट नसते."

मी त्यांना लेखी समज देणार होते. पुंडलिकरावांनी मला आत बसवलं, पाणी दिलं आणि म्हणाले की आमच्या मोरांकडे इतक्या जणींनी एका वेळी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हा पोरींना राहू द्या. पुढे दर वर्षी नववीचा वर्ग तिथे आडवा होऊ लागला. मी फक्त एवढंच केलं, की शाळेतून सतरंज्या पाठवू लागले.

बाईंना भिंती वाचायची खोड होती. एकदा एका जुन्या घराच्या पोपडा निघालेल्या भिंतीवर त्यांनी नखाने खरडलं आणि बोट सरळ तोंडात घातलं. भर बाजारात. मी हादरले. त्या गंभीरपणे सांगू लागल्या, की जुन्या चुन्यात गूळ घालत, बेलफळ घालत, म्हणून तो टिकला. मी विचारलं, गूळ लागला का? त्यांनी थोडा वेळ जीभ फिरवून पाहिली. "नाही. कबूतर लागलं."

निनाव्यांच्या मोरांबद्दल मात्र त्यांचं एक भांडण होतं. पुंडलिकरावांच्या घरी रीत होती, की दसऱ्याच्या आधी घरच्या कर्त्या पुरुषाने स्वतःच्या हाताने मोरांना ऑइलपेंटचा एक हात द्यायचा. आधीचा रंग खरडायचा नाही, कारण तो बापाने दिलेला. त्याच्या खाली आजोबाने दिलेला. कुठलाही रंग चालायचा. घरात जो डबा उरला असेल तो. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मोर पोपटी होते, मग फिरोजी झाले, आणि मुलीच्या लग्नाला घर रंगवल्यावर चक्क गुलाबी. डोळे, पिसं, चोची सगळं रंगाखाली बुजून गोल गोल झालं होतं. बाई म्हणायच्या, "पुंडलिकभाऊ, मोरायनं स्वेटर घालून ठेवले तुमच्या. उन्हाळ्यात तरी काढा." पुंडलिकराव हसून म्हणायचे, बाई, खाली अस्सल सागवान आहे, ते कुठे जात नाही. आणि बाईंचाही त्यावर पूर्ण विश्वास होता. दुकानाच्या खांबांवर टिचकी मारून त्या मुलींना ऐकवायच्या: ऐका, सागवान कसं बोलते.

बाईंना या जुन्या इमारतींचं इतकं वेड का, हे मला कितीतरी वर्षं माहीत नव्हतं. मला वाटे, कलेची आवड. ते कळलं तेही धक्क्यानेच. शहरातल्या जुन्या वास्तूंबद्दल एका सभागृहात व्याख्यान होतं. मी बाईंना घेऊन गेले. वक्ते चांगलं बोलले. बोलता बोलता म्हणाले, की आपल्या बाजारपेठेतले हे ओटे म्हणजे शहराची बैठक होती, इथे सगळे लोक एकत्र बसत. माझ्या शेजारून आवाज आला. "सगळे नाही बसत जी."

बाई उभ्या होत्या. सभागृह वळलं.

"माही आजी कुहीहून लुगडं घ्यायले याच बाजारात ये. ती खाली रस्त्यात उभी राहे. लुगडं वरून टाकत. आवडलं नाही तं वर ठेवताही येत नव्हतं." बाईंचा आवाज चढला नव्हता. वर्गात बोलायच्या तसाच होता. "म्हणून ओटे ठेवा म्हणते मी. ओटा गेला तं पोट्ट्यायले काय दाखवू, कोण वर होतं अन् कोण खाली?"

बसताना त्यांनी पदर सावरला आणि माझ्या कानात विचारलं, की इथे चहा देतात का.

परतताना रिक्षात मी विचारलं, ते दुकान कोणतं? मला निनाव्यांचा ओटा दिसत होता, त्यावर आडव्या पडलेल्या मुली, त्यांच्यात बाई. बाई म्हणाल्या, "आजीले विचारलं नाही कधी. कोणतंही असन. सगळ्यायचे ओटे उंचच होते." मग हसल्या. "आता तिची नात तिथं झोपते. चांगलं आहे नं."

मी इतकी वर्षं त्यांच्याबरोबर डबा खात होते. दर दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी कुहीकडून येणाऱ्या पाहुण्यांनी त्यांचं घर भरतं, हे मला माहीत होतं. त्या गर्दीत मी त्यांच्याकडे जेवलेही होते. आणि हे मला माहीत नव्हतं.

आम्ही दोघी निवृत्त झालो. बाईंचं फिरणं सुटलं नाही, आणि आठवड्यातून एकदा त्या मलाही ओढून न्यायच्या. मधल्या काळात बाजारात सिमेंटचे रस्ते आले. जुन्यावर नवा थर, त्यावर आणखी एक. रस्ता वर आला आणि ओटे खाली गेले. निनाव्यांच्या पायऱ्या एकेक करून सिमेंटमध्ये बुडाल्या. पुंडलिकराव थकले आणि दुकान त्यांचा मुलगा हर्षल पाहू लागला.

हर्षल वाईट मुलगा नव्हता, हे मी मुद्दाम लिहिते. शेजारच्या दोन्ही दुकानांनी पुढची बाजू पाडून काच आणि चकचकीत पत्रे लावले होते, आणि मधे गुलाबी मोर. गिऱ्हाईक आमच्याकडे पाहतही नाही काकू, असं तो मला म्हणाला. त्याला छज्जा पाडायचा होता. पुंडलिकराव नाही म्हणत होते, आणि त्यांचं एकच कारण होतं: रामटेके बाईंना काय वाटेल.

तेव्हा बाईंनीच तोड काढली. हर्षलला म्हणाल्या, एका मोराचा रंग उतरव. खालचं सागवान उघडं कर. ते पाहून तुझं मन नाही बदललं, तर मी पुन्हा बोलणार नाही. बदललं, तर सगळे मोर उघडे करायचे आणि छज्जा ठेवायचा. हर्षलने बापाकडे पाहिलं आणि कबूल केलं. पुंडलिकरावांना खरडणं पसंत नव्हतं, पण छज्जा वाचणार म्हणून त्यांनीही मान हलवली. बापाचा रंग निघेल, बापाचं लाकूड तर राहील, असं म्हणाले.

दसरा दोन-चार दिवसांवर आला होता. सकाळी सुतार आला. आम्ही ओट्यावर खुर्च्या टाकून बसलो. बाईंनी त्या दिवशी नवी साडी नेसली होती. कोपऱ्यावरच्या मोराला सुताराने रंग सोडवायचं औषध लावलं, वाट पाहिली, आणि पिसाऱ्याच्या मागच्या बाजूने पटाशी लावली.

पटाशी आत गेली. खरडली गेली नाही. नुसती आत गेली, भाकरीत बोट जावं तशी. सुतार थांबला. त्याने ती बाहेर काढली आणि त्या फटीतून तांबूस भुकटी खाली येऊ लागली. बारीक, सारखी, पिठाच्या गिरणीसारखी. बाईंच्या नव्या साडीवर पडली, माझ्या चष्म्यावर पडली. ती थांबेपर्यंत आम्ही पाहत राहिलो. मग सुताराने फटीत डोळा लावला आणि म्हणाला, "आत काहीच नाही जी."

वाळवीने मोर खाल्ला होता. किती वर्षांपूर्वी, देव जाणे. खांब सागवानाचे होते, पण कोरायला सोपं म्हणून मोर कुठल्यातरी हलक्या लाकडाचे केले असावेत. लाकूड संपलं होतं आणि बापाच्या, आजोबाच्या, पणजोबाच्या रंगाचे थर एकमेकांना धरून मोराच्या आकारात उभे होते. सुताराने दुसऱ्या मोराला टोचलं. तिसऱ्याला. सगळीकडून तीच भुकटी. मग शिडी सरकवून त्याने छज्ज्याला पेलणाऱ्या तुळयांची टोकं पाहिली, जिथे पावसाचं पाणी मुरत होतं. तिथे पटाशी मुठीपर्यंत गेली.

हर्षलला आनंद व्हायला हवा होता. तो ओट्यावर मटकन बसला. पुंडलिकराव भिंतीला धरून उभे होते. ते कोणाकडेच न पाहता म्हणाले, "मंग आम्ही इतके वर्ष कोणाले रंग देल्ला?"

मला बाईंकडे बघवेना. त्यांनीच हे उघडायला लावलं होतं.

मग पुंडलिकरावांनी जे केलं त्याने मी पुन्हा चकित झाले. त्यांनी सुताराला शिडीवरून उतरवलं, बाहेर चहा प्यायला पाठवलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, फट बुजवून टाकतो मी. दसऱ्याचा रंग तसाही द्यायचा आहे. हर्षल काही बोलत नाही. कोणाले दिसन? माह्यानंतर पडन तेव्हा पडन. तुम्ही म्हणाल तसं. ठेवू का पाडू?"

बापाचा चेहरा पाहून हर्षलने मान खाली घातली होती. बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं. छज्जा राहिला असता; त्यांच्या हयातीत नक्कीच राहिला असता.

बाई वर पाहत होत्या. मग त्यांनी खाली पाहिलं. मी त्यांना रस्त्यावर कधी खाली बघताना पाहिलं नव्हतं. ओट्याच्या कडेला, मोरांच्या बरोबर खाली, झेंडूची टोपली घेऊन एक बाई बसली होती. तिच्याजवळ दोन गिऱ्हाइकं उभी होती. पलीकडच्या टोकाला, जिथे माझी नववी झोपायची, तिथे एक माणूस डबा उघडून जेवत होता.

"पाडा," बाई म्हणाल्या.

पुंडलिकरावांना वाटलं त्यांनी चुकीचं ऐकलं. मलाही वाटलं.

"आजच पाडा, भाऊ. उद्यापासून दसऱ्याची गर्दी होईन. माह्या पोट्ट्या झोपल्या होत्या याच्या खाली." त्यांनी छत्री हातात घेतली. "मी झोपवल्या होत्या."

आणि त्या उठल्या. झेंडूवालीची टोपली त्यांनी स्वतः उचलून पलीकडे नेली. जेवणाऱ्या माणसाला उठवलं, तो कुरकुरला तर म्हणाल्या, "तिकडं जेव नं भैताडा, वरून भाजी पडन तुह्या डब्यात." मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून, छत्री आडवी धरून, दुपारभर त्या लोकांना बाजूने जायला लावत राहिल्या. मागे छज्जा उतरत होता. त्यांनी एकदाही वळून पाहिलं नाही. आयुष्यभर ज्यांनी मला मान वर करायला लावली, त्या बाई छज्ज्याकडे पाठ करून उभ्या होत्या आणि मी त्यांच्याकडे पाहत ओट्याच्या समोर खुर्चीत बसले होते. आजही त्या दुपारचं मला नीट सांगता येत नाही.

संध्याकाळी त्यांनी हर्षलकडे दोन गोष्टी मागितल्या. ओटा फोडायचा नाही. आणि एक मोर त्यांना द्यायचा. हर्षलने दोन्ही कबूल केलं. कोपऱ्यावरचा तो पहिला मोर सुताराने अलगद सोडवला. पापडासारखा हलका होता. पुंडलिकरावांनी दुकानातलं एक कोरं लुगडं काढलं, त्याच्या घडीत तो ठेवला आणि बाईंच्या हातात दिला. देताना ते रडले. बाई रडल्या नाहीत. म्हणाल्या, "लुगडं हातात देल्लं तुम्ही," आणि निघाल्या. पुंडलिकरावांना त्याचा अर्थ कळला नसेल. मला कळला.

त्यानंतर बाईंचं फिरणं कमी झालं. मला वाटे, पायांमुळे. या वर्षी होळीच्या सुमारास मी त्या बाजारातून ऑटोने जात होते. निनाव्यांच्या दुकानाला आता निळी काच आहे, पत्रे आहेत, रात्री बदलत राहणारे दिवे आहेत. मला ओट्यावर काळी छत्री दिसली. मी ऑटो थांबवला. बाई ओट्याच्या कडेला बसल्या होत्या, चपला काढून, पाय रस्त्यावर टेकवून. पाय टेकत होते, कारण रस्ता आता तिथवर आला आहे. समोरून लोक जात होते आणि त्या लोकांकडे बघत होत्या.

मी ऑटोतूनच विचारलं, एकट्याच काय करताय? त्यांनी मला हाताने बोलावलं.

"ये वं, उतर. वर पाहायले काही नाही आता. बसून घे जरा."

मला औषधं घ्यायची होती, दुकान बंद होणार होतं. मी म्हटलं पुढच्या आठवड्यात, आणि त्या म्हणाल्या बरं. ऑटो वळला तेव्हा त्या बाजूला सरकून एका पोरीला बसायला जागा देत होत्या. तो पुढचा आठवडा मी पुढे ढकलत राहिले, आणि तेच मी त्यांना शेवटचं पाहिलं. मोर त्यांच्या भाचीने नंतर आणून दिला, त्याच लुगड्याच्या घडीत.

तर निहार, तो मोर रंगाचा आहे. नुसत्या रंगाचा. डिसेंबरमध्ये याल तेव्हा हातात घ्या, पण खाली बसून आणि दोन्ही हातांनी. चोचीजवळ जिथे टवका उडाला आहे तिथे थर दिसतात: गुलाबी, फिरोजी, पोपटी, आणि सगळ्यात आत एक गेरूचा, जो कोणाच्या हातचा आहे ते पुंडलिकरावांनाही माहीत नव्हतं.

छज्जा गेला. बाकीचे मोर गेले. मांजराच्या तोंडाचा सिंह अजून आहे, मी गेल्या आठवड्यात पाहून आले. निनाव्यांचा ओटाही आहे. तो आता रस्त्यापासून जेमतेम पायरीभर उंच आहे आणि त्यावर कोणीही बसतं.

तुमची,
आजी